वहीला हात लावायचा नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत घरी आले होते तेव्हा आई, तू भाकरी थापता थापता विचारलंस, "बाय, ह्या वयात तू शिकतेस ते नेमकं काय?" मी "कॉम्प्युटरचं" एवढंच बोलले आणि स्टेशनवर निघायची वेळ झाली. ते अर्धवट उत्तर मला तेव्हापासून टोचतंय. बाबांना फोनवर हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. आई, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

इकडे सगळं ठीक. ऑफिसचे हिशोब संपवून घरी येते, पोराचा अभ्यास घेते, आणि सगळे निजले की तुझ्या जुन्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच काम करते. सुट्टीच्या दिवशी तास असतात. करी रोडहून कुर्ला, तिथून बसने कलिना. वर्गात मी सगळ्यांत मोठी. सुरुवातीला मागच्या बाकावर बसायचे, आता पुढे बसते.

ह्या सहामाहीला विषय आहे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. प्रोग्रॅम लिहायची भाषा जावा. प्रत्येकाने एक छोटा प्रोजेक्ट करायचा होता. पोरांनी बँक घेतली, लायब्ररी घेतली. मी खानावळ घेतली. आपली, लालबागची, गिरणीतल्या लोकांची.

प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामांची यादी, असं मला वाटायचं. हे कर, मग ते कर. छोट्या कामाला तेवढं पुरतं. काम वाढलं की यादी हजार ओळींची होते, आणि सगळी माहिती मध्ये उघड्यावर पडलेली असते. कुठल्याही ओळीने यावं आणि काहीही बदलावं. मी पहिल्यांदा तसंच लिहिलं. खाडा मांडायच्या जागी जेवणाऱ्याची बाकी कमी केली, आणि महिन्याचा हिशोब काढायच्या जागी खाडे मोजून तीच बाकी पुन्हा कमी केली. एकाचे चार दिवसांचे खाडे दोनदा वजा झाले. तीन रात्री मी ती चूक शोधत होते. तिसऱ्या रात्री सापडली तेव्हा तुझी वही आठवली.

आई, ती लाल पुठ्ठ्याची वही तू कुणाच्या हातात देत नसायचीस. बाबांच्यासुद्धा नाही. कुणी म्हणालं, "काकू, उद्या गावाला चाललोय, माझा खाडा लिहून ठेवतो," तर तू म्हणायचीस, "वहीला हात लावायचा नाही. मला सांग, मी लिहिते." आदल्या रात्री सांगितलं तर खाडा धरायचीस. सकाळी सांगितलं तर नाही, कारण पीठ मळून झालेलं असायचं. तो नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता. तो तुझ्यापाशी होता, आणि वहीत जे काही जायचं ते तुझ्या हातूनच जायचं, म्हणून कधी मोडला नाही.

ह्यालाच आमच्याकडे एन्कॅप्सुलेशन म्हणतात. क्लास म्हणजे 'जेवणारा' कसा असतो त्याची एकदाच केलेली मांडणी: त्याला नाव असतं, बाकी असते, त्याचा खाडा मांडता येतो. ऑब्जेक्ट म्हणजे त्या मांडणीतून उभा राहिलेला एकेक माणूस, ज्याची बाकी त्याची त्याची. ही बाकी 'प्रायव्हेट' ठेवायची. बाहेरच्याने तिला हात लावायचा नाही, फक्त 'खाडा मांड', 'पैसे जमा कर' असं सांगायचं. नियम आत बसतो, आणि चूक झालीच तर शोधायला एकच जागा उरते. जावामध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात. मी क्लासचं नाव 'खानावळ' असंच ठेवलंय. पडद्यावर ते अक्षर दिसलं तेव्हा मी काम थांबवून नुसती बघत बसले.

आता बाबा, पुढचं तुमच्यासाठी.

ह्या विषयात इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, म्हणून एक गोष्ट असते. आधी केलेल्या क्लासवरून दुसरा क्लास काढायचा. आधीच्याचं सगळं त्याला मिळतं, वर स्वतःचं थोडं असतं. मला ते फार आवडलं आणि मी भराभर काढत सुटले. 'जेवणारा'वरून 'दिवसपाळीवाला', 'रात्रपाळीवाला', आणि 'बदलीवाला', म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी दिवसापुरता घेतलेला. कागदावर आकृती सुरेख दिसत होती. सरांनी एवढंच विचारलं, "ह्या माणसाची पाळी पुढच्या आठवड्यात बदलली तर?"

मला उत्तर देता येईना. जावामध्ये ऑब्जेक्ट एकदा ज्या क्लासचा झाला तो शेवटपर्यंत त्याचाच राहतो. म्हणजे पाळी बदलली की तो माणूस पुसायचा आणि दुसरा नवा उभा करायचा. त्याची बाकी, त्याचे खाडे सगळे उचलून नव्याकडे न्यायचे. आणि मला समोर तुम्ही दिसलात. तुमची गिरणीतली पाळी बदलायची तेव्हा आपल्या घराचं झोपणं-उठणं बदलायचं, पण तुम्ही तेच असायचा. पाळी ही माणसाजवळची एक वस्तू आहे. ती काढून दुसरी देता येते. बदलीवाल्याला तर गेटवर जाईपर्यंत ठाऊक नसायचं की आज काम आहे की नाही. त्याची मी एक वेगळी जातच करून टाकली होती.

सगळं मोडून पुन्हा लिहिलं. आता 'जेवणारा' एकच आहे आणि त्याच्याकडे 'पाळी' असते. तीन क्लास गेले, प्रोग्रॅम निम्मा झाला. सर म्हणाले की अनुभवी माणसंही हे वारसाहक्काचं प्रकरण जपूनच वापरतात. 'हा तो आहे' आणि 'ह्याच्याकडे ते आहे' यांतला फरक ओळखणं म्हणजेच हा विषय, असं मला आता वाटतं. आणि तो फरक ज्याने ते काम केलंय त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.

आणखी एक सांगायचंय. हे सगळं मुळात कुणी काढलं ते मी वाचलं. नॉर्वेत ओस्लो शहरात क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल असे दोघे होते. त्यांना खरं जग कॉम्प्युटरवर चालवून बघायचं होतं. रांगा कशा लागतात, यंत्रं कुठे अडून बसतात, एकाचं काम दुसऱ्यासाठी कसं थांबतं. त्यासाठी त्यांनी सिम्युला भाषा केली. १९६७ च्या सिम्युलात क्लास आणि ऑब्जेक्ट आले, आणि पुढे १९९५ ला आलेल्या जावापर्यंत ते पोचले. दोघांना ह्या कामासाठी २००१ चं ट्युरिंग पारितोषिक, कॉम्प्युटरच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा मान, मिळालं, आणि २००२ साली दोघेही वारले.

पण बाबा, मला सांगायचंय ते वेगळंच. हाच नीगार्ड १९७० नंतर तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करायला गेला. कारखान्यात कॉम्प्युटर येणार, तर त्याने काम कसं बदलेल हे कामगारांना समजलं पाहिजे आणि त्यात त्यांचं म्हणणं चाललं पाहिजे, म्हणून. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही अठरा वर्षांचे असताना लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा बघत उभे होता, आणि त्याच सुमारास तिकडे एक शास्त्रज्ञ कामगारांना विचारत होता की तुमचं काम कसं चालतं, सांगा. इथे तुम्हाला कुणी विचारलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तुम्हाला गिरणीने परत घेतलं नाही आणि तुम्ही वॉचमनची काठी हातात घेतलीत. कापडाचा दोरा तुटला तर बोटांना आधी कळतं, असं तुम्ही सांगायचा. ते ज्ञान कुणीही लिहून घेतलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून दिवाळीला येईन तेव्हा वही घेऊन बसणार आहे. बदलीवाल्याचं कार्ड, हजेरी, माणसं भरणारा जॉबर, सुताच्या कांड्या भरून यायला उशीर झाला तर काय व्हायचं, सगळं सांगायचं. कंटाळायचं नाही.

आई, तुला मात्र आत्ताच एक विचारते, कारण त्याच्यापाशी माझं काम अडलंय. तीस दिवसांपेक्षा जास्त बाकी राहिली की माझा प्रोग्रॅम त्या माणसाचं नाव लाल करतो आणि 'थकबाकीदार' लिहितो. पोरांनी बँकेसाठी केलं होतं, तेच मी उचललं. मग आठवलं, संपाच्या वर्षी तू जेवू घातलेल्यांची बाकी तू कधीच मागितली नाहीस. ती वही मी लहानपणी चाळलीय. त्यांच्या नावापुढे आकडे होते, आणि आकड्यांनंतर नुसती एक आडवी रेघ. ते लाल नाव मी काढून टाकलंय, पण त्या जागी काय लिहायचं ते कळत नाहीये.

ती रेघ कशाची होती? वही अजून पत्र्याच्या ट्रंकेत असेल तर त्या पानाचा फोटो शेजारच्या पोराला काढून पाठवायला सांग.

बाबांच्या गुडघ्यांना तेल लावत जा, आणि त्यांच्या गोळ्या चुकवू नकोस.

तुमची,
बाय