मयाली काढा, मायसाठी टेबल करा

टोरोंटो,
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर बोललो असतो, पण माय 'जेवला का'पासून सुरू करते आणि मुद्द्याचं राहून जातं. शिवाय सुतारकाम वाढई काकाच करतील, त्यांना हे तुम्हाला वाचून दाखवायचं आहे, म्हणून कागदावर लिहितोय.

दिवाळीत तुम्ही व्हिडिओ लावून फोन चुलीकडे धरला होता, आठवतं? माय पावशीवर वांगी चिरत होती. उठताना तिनं आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसऱ्यानं भिंतीचा आधार घेतला आणि मधेच, अर्धी उठलेली, तशीच थांबली. आपण बघतोय हे लक्षात आल्यावर हसली. तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खाली बसून काम करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय खरं, पण आपल्या घरात चिरणं, निवडणं, मळणं, लाटणं सगळं खालीच. ती बसणार तरी कुठे? म्हणून टेबल करायचं. जेवायलाही होईल, पण आधी तिच्या कामाचं.

विकतचं आणू नका. दुकानात मिळतं ते बहुतेक भुशाच्या पाटीचं असतं. आपल्या पावसाळ्यात त्याची कड एकदा फुगली की परत बसत नाही. आणि आपल्याकडे लाकूड नाही असं थोडंच आहे? कवेलू उतरवून स्लॅब टाकला तेव्हाच्या आबाजींच्या सागवानी मयाली, छताच्या त्या जाड तुळया, कोठ्यात तशाच पडून आहेत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेलं, ते आपल्याच भागातलं. त्याच जातीचं, आणि इतकी वर्षं सुकलेलं लाकूड घरात असताना पैसे कशाला मोडायचे?

आता माझ्या हातून काय चुकलं ते सांगतो, म्हणजे तिकडे तसं होणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मी इथल्या स्वयंपाकघरासाठी मेपलच्या लाकडाचं टेबल केलं. इथे हे लाकूड बोर्ड फुटावर मिळतं, बारा बोर्ड फूट म्हणजे आपला एक घनफूट. घरांच्या सांगाड्याला जे लागतं त्याला 'टू बाय फोर' म्हणतात, पण टेप लावली की दीड बाय साडेतीन इंच भरतं. नाव कापतानाचं, माप सुकवून रंधून झाल्यावरचं. आधी तेच घेणार होतो, स्वस्त पडतं म्हणून. पण ते टेबलाला पुरेसं सुकलेलं नसतं, म्हणून मेपल घेतलं.

शेजाऱ्यानं त्याचं गॅरेज आणि हत्यारं वापरायला दिली. पहिल्यांदा रंधा मारला तेव्हा तो दर बोटभर अडकत होता, लाकडाची खपली निघत होती. मग वाढई काकांचा ओटा आठवला. तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी नंदी ते करत होते आणि मी शेजारी बसून खाली पडलेल्या सालींची कडी करून बोटात घालत होतो. तेव्हा ते म्हणाले होते, "रेघ पाहून रंधा मार बाबू, उलटा मारशील त लाकूड उचकटते." फळी फिरवून घेतली आणि दुसऱ्या बाजूनं रंधा मारला. सर्रकन एक लांब साल निघाली, इतकी पातळ की तिच्यातून खिडकीचा उजेड दिसत होता. त्या दिवशी काका समोर असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्यांना हे नक्की सांगा.

पाय आणि त्यांना वरून जोडणाऱ्या पट्ट्या कुसू काढून, म्हणजे एकाची जीभ दुसऱ्याच्या भोकात घालून, नीट बसवल्या. चूक झाली ती वरच्या पाटीत. पाच फळ्या डिंकानं जोडून ३२ इंच पन्ह्याची पाटी केली आणि खालच्या चौकटीला स्क्रू मारून घट्ट आवळली. जितकी घट्ट तितकी टिकाऊ, असं वाटलं. जानेवारीत बाहेर थंडी उणे १८ वर गेली, घरात रात्रंदिवस हीटर. एका रात्री स्वयंपाकघरात वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर पाटी मधोमध फाटली होती. भेगेत रुपयाचं नाणं उभं जात होतं. कितीतरी वेळ मी त्या भेगेवरून बोट फिरवत बसलो.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पन्ह्यात मात्र हलतं. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आवळतं. हीटरनं घरातली हवा पार कोरडी केली, पाटीला आवळायचं होतं आणि माझे स्क्रू तिला सोडत नव्हते. मग ती फाटली. बाबा, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. आषाढात देवघराचं दार फुगून चौकटीत बसत नाही. वैशाखात बंडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल होते आणि तुम्ही चाक बोडीत भिजत घालता. दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. आपल्याकडे मे महिन्याची रखरख आणि श्रावणाची ओल यांत इथल्यासारखाच फरक पडतो, म्हणून टेबल तिकडे केलं तरी हेच सांभाळावं लागेल.

मी सगळे स्क्रू काढले, भेगेवरून पाटी सरळ कापली, परत जोडली आणि यावेळी मोकळी बसवली. काकांनाही तसंच करायला सांगा. पाटीला खालच्या पट्ट्यांवर खिळा नको, स्क्रू नको, डिंकही नको. पट्टीच्या आतल्या अंगानं एक खाच पाडायची. छोटे लाकडी ठोकळे करायचे, प्रत्येकाला एक जीभ ठेवायची. जीभ त्या खाचेत सैल सरकवायची आणि ठोकळा स्क्रूनं वर पाटीला पकडायचा. जीभ खाचेच्या अगदी तळाशी टेकू द्यायची नाही, थोडी जागा सोडायची. म्हणजे पाटी खाली घट्ट राहते, पण पन्ह्यात तिला मागेपुढे सरकता येतं. सागवान मेपलच्या जवळपास निम्म्यानंच हलतं, त्यामुळे काका म्हणतील गरज नाही. त्यांना माझी भेग सांगा.

मयाली आरामशीनवर नेण्याआधी वनविभागात विचारून घ्या, घरचं असलं तरी सागवान हलवायला परवाना लागू शकतो. कापण्याआधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधा. एक राहिला तरी पातं जाईल. सागवानात तेल असतं, म्हणून जोडायच्या कडा त्याच दिवशी रंधायच्या, थिनरच्या फडक्यानं पुसायच्या आणि मग फेविकॉल लावायचं. आठवडाभर तसंच पडून राहिलं तर जोड पकडणार नाही.

वरून पॉलिश किंवा सनमायका नको. मी माझ्या टेबलाला जवसाचं तेल लावलं. इथे ते डब्यात मिळतं, पण झाकण उघडलं आणि मला धानाच्या बांधीत फेकलेला आपला जवस आठवला, ती निळी फुलं, मायची चटणी. जवसाचं तेल हवा लागून लाकडातच घट्ट होतं. घाण्यावरचं आणा, पातळ हात द्या, वरचं पुसून घ्या आणि पुरतं वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. घाण्याच्या तेलाला दिवस लागतात, पण एप्रिलच्या उन्हात तिकडे लवकर होईल. एक मात्र जिवाची गोष्ट आहे. तेल पुसलेली फडकी गोळा करून टाकू नका. ती वाळताना तापतात आणि ढिगात आपोआप पेट घेतात. दोरीवर एकेक पसरा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. कोठ्यात तणसाचा ढीग आहे, त्याच्या आसपाससुद्धा ठेवू नका.

माप मी असं धरलंय: लांबी चार फूट, पन्हा अडीच फूट, उंची २८ इंच. बाजारातलं टेबल तीस इंचाचं असतं, पण मायला ते उंच होईल, लाटताना खांदे वर उचलावे लागतील. पट्टी साडेतीन इंचापेक्षा रुंद नको, नाहीतर तिच्या मांड्या अडकतील. कोपरे गोल करायला सांगा.

ती म्हणेल, टेबलावर पावशी कशी चालेल. त्यासाठी मी चांगला सुरा आणि वर चिरायला जाड पाट पाठवतोय. पावशी मोडीत काढू नका, तिच्या सासूची आहे.

आता एक काम आजच करा. मायला लाकडी खुर्चीवर ताठ बसवा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. कोपर वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरून गाठ मारा. किती इंच भरलं ते मला कळवा. काकांनी टेबलाचे पाय कापण्याआधी मला तो आकडा हवा. ती 'कायले एवढं' म्हणेल. तरी मोजा.

वाढई काकांना नमस्कार. मायला सांगा, जेवलो.

तुमचा,
बाबू