‘आय नो’, सव्वीस वेळा

प्रिय दिगू,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि माझ्याकडून ओळ नाही. रागावला असशील तर रास्तच आहे. आईचा गुडघा बरा, माझी शुगर आटोक्यात. आज लिहितोय ते मुक्तासाठी. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

ती बोलताना अडखळते. दोन वर्षं झाली. परवा दुकानात तिला खोडरबर हवं होतं. ‘ख’ घशातच अडकला, मान ताठ झाली, डोळे मिटले, आणि एकदम म्हणाली, ‘‘पेन्सिल द्या.’’ घरात पाच पेन्सिली आहेत. घर येईपर्यंत ती पेन्सिल मुठीत घट्ट धरून चालत होती. मला तू आठवलास. नव्या बाई नावं विचारायला लागल्या की तू बाकाखाली काहीतरी शोधत बसायचास.

शाळेने तिला स्नेहसंमेलनाच्या नाटकातून काढलं. ‘‘तिलाच त्रास होईल,’’ म्हणे. मी भांडून आलो, उपयोग शून्य.

त्या रात्री झोप येईना म्हणून बिल विदर्स लावला, तो अमेरिकन गायक. हो, तोच. तात्यांच्या माडीवर ज्या कॅसेटवरून आपली मारामारी झाली तोच. ती कॅसेट तूच हरवलीस, हे मी आजही सोडणार नाही.

गाणी आपण इतकी ऐकली, पण माणूस कोण हे कधी पाहिलंच नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणीच्या गावात १९३८ साली जन्मला. सहा भावंडांत धाकटा, तेराव्या वर्षी वडील गेले. आणि दिगू, तो अडखळायचा! पार अठ्ठाविशीपर्यंत. समोरचा आपल्याला काय समजेल याच्या भीतीने जीभ अडते, हे त्याचं त्यानेच ओळखलं. नऊ वर्षं नौदलात काढली. मग लॉस एंजेलिसकडे विमानांतल्या संडासाच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पहिली तबकडी निघाली १९७१ मध्ये, तिशी उलटल्यावर. तिच्या मुखपृष्ठावर तो जेवणाचा डबा घेऊन कारखान्यापाशी उभा आहे, कारण नोकरी सोडलीच नव्हती. तिच्यातलं ‘एन्ट नो सनशाइन’ गाजलं तेव्हा रेकॉर्ड कंपनीने त्याला सोनेरी संडास-सीट भेट दिली. तात्या असते तर पोट धरून हसले असते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्याच गाण्यात तो मधेच ‘आय नो, आय नो’ म्हणत राहतो ना? सव्वीस वेळा. तिथे खरं तर तो पुढे शब्द लिहिणार होता. स्टुडिओतली जाणती मंडळी म्हणाली, असंच राहू दे. आणि तसंच राहिलं. रात्री दोनपर्यंत मी तेवढाच तुकडा ऐकत होतो. दोन शब्दांवर थांबलेला माणूस, आणि त्याचं वाक्य कुणी पुरं करत नाही. मुक्ताचं प्रत्येक वाक्य मी पुरं करतो, दिगू. मायेनेच करतो, पण करतो. ती मग माझ्याकडे न बघता मान हलवते.

आणि सातवीत मी तुझी नक्कल केली. अख्खा वर्ग हसला. तू आठ दिवस बोलला नाहीस, मग तूच डबा घेऊन माझ्या बाकावर येऊन बसलास. मी माफी मागितली नव्हती. आज मागतो.

१९८५ नंतर विदर्सने नवी तबकडी काढलीच नाही. काय गावं हे कंपनीची माणसं सांगायला लागली होती, तो वैतागून घरी बसला. पुढे त्याच्यावरच्या माहितीपटात तो अडखळणाऱ्या मुलांना भेटायला जातो. ती मुलं बोलतात आणि या माणसाचे डोळे भरून येतात. तेवढं पाहिलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

तुझी बदली झाल्याचं धाकट्याकडून कळलं. घर मिळालं का? वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

मुक्ताशी बोलशील? फोनवर नको, फोन तिलाही तुझ्यासारखाच नकोसा होतो. रविवारी सकाळच्या गाडीने ये. आम्ही दोघं स्टँडवर असू. तिला सांगून ठेवलंय, दिगूकाकाला स्वतःचं नाव सांगायला वेळ लागतो.

‘‘म-म-मलापण,’’ ती म्हणाली. या वेळी मी मधे बोललो नाही.

तुझा,
विन्या