ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या गुदाशयाच्या कॅन्सरबद्दल 'एका औषधाने सगळे पेशंट बरे' हा तुम्ही पाठवलेला फॉरवर्ड खोटा नाही, अर्धवट आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डोस्टारलिमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी, सहा महिने दिलं. २०२२ साली छापून आलेल्या पहिल्या १२ च्या १२ जणांची गाठ दिसेनाशी झाली. रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही. पण त्या सगळ्यांच्या गाठी एमएमआर-डेफिशियंट होत्या, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं त्यांत नीट नव्हती, आणि गुदाशयाच्या शंभर गाठींत तशा पाच-दहाच निघतात. म्हणून झालेल्या बायोप्सीच्या ब्लॉकवरच (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावरच) एमएमआरची आयएचसी, म्हणजे ही प्रथिनं आहेत का ते दाखवणारी तपासणी, करून घ्या, पुन्हा तुकडा काढायला नको. चारही प्रथिनं शाबूत आली, तर तो विषय संपला.

एमआरआयमध्ये टी३ एन१ (गाठ स्नायूच्या थराबाहेर, जवळच्या थोड्या लसिका ग्रंथींतही) लिहिलंय, पण महत्त्वाची ओळ खाली आहे: मेसोरेक्टल फॅशियापासून, म्हणजे गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या बाहेरच्या पडद्यापासून, अंतर १ मिमी. एवढ्या कमी जागेत आधी चाकू लावला तर कडेला पेशी राहून जातात. नुसत्या केमोवर भागवणारा प्रॉस्पेक्ट अभ्यास अशा पेशंटना घेतच नव्हता, तेव्हा रेडिएशन टळणार नाही.

ते पाच दिवसांत उरकतं म्हणून मोहात पडू नका. रॅपिडो अभ्यासात पाच दिवस रेडिएशन आणि मग १८ आठवडे केमो दिल्यावर तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ३०.४ वरून २३.७ टक्क्यांवर आलं खरं. पण पाच वर्षांनी पाहिलं तर ओटीपोटात गाठ परत आलेले १० टक्के, जुन्या पद्धतीत (लांबचं रेडिएशन गोळ्यांसोबत, मग ऑपरेशन) ६. तुमची गाठ खाली आहे आणि कडेला टेकलेली, म्हणून मी साडेपाच आठवड्यांच्या रेडिएशनच्या बाजूने आहे, सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या, आणि पूर्ण केमो त्यानंतर. ओप्रा अभ्यासात ३२४ जणांत याच क्रमाने निम्म्यांचा गुदाशय वाचला. आधी केमो दिलेल्यांत त्याहून कमी.

रेडिएशनला रोज सांगतील तेवढंच पाणी पिऊन जायचं. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि वाचतात.

आई, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या तू सांभाळ. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, अर्ध्या तासाच्या आत. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. फॉलिक अॅसिड असलेलं टॉनिक बंद, त्याने गोळीचे दुष्परिणाम वाढतात. नेहमीपेक्षा दिवसाला चार जुलाब जास्त, तोंड आलं किंवा तळवे लाल होऊन सोलवटले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. 'उद्या बघू' करत बसलेले पेशंटच आयसीयूत जातात. पुढे ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध सुरू झालं की फ्रिजचं पाणी आणि गार सोलकढी बंद. गार लागलं की बोटांना झटके येतात, घसा आवळल्यासारखा होतो.

उपचार संपल्यावर साधारण आठ आठवड्यांनी दुर्बीण आणि एमआरआय. गाठीच्या जागी नुसता पांढरा व्रण असेल तर ऑपरेशन थांबवता येतं. मात्र पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी बोटाने तपासणी आणि दुर्बीण, दर सहा महिन्यांनी एमआरआय. परत वाढणारी गाठ बहुतेक या दोन वर्षांतच डोकं वर काढते आणि वेळेत दिसली तर काढता येते. बाबा, 'त्रास नाही, मग कशाला जायचं' असं तुम्ही म्हणणार असाल, तर ऑपरेशनच करून घेतलेलं बरं.

बायोप्सीच्या रिपोर्टवर ब्लॉक नंबर असतो. त्याचा फोटो आजच पाठवा.

तुमची,
छोटी