पासबुकाची गोष्ट

पाचूबंदर, वसई

प्रिय बाय,

गेल्या रविवारी फोनवर मी तुला जे बोलले, ते बोलून झाल्यावर रात्रभर झोप लागली नाही. ‘चर्चची सिस्टर व्हायचं तर हो, मी आडवी येणार नाही. शाळेत शिकव, दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा कर. पण मोर्चे, कोर्टकचेऱ्या, कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या, हे कशाला?’ तू एवढंच म्हणालीस, ‘मम्मी, मग मी वकिली कशासाठी शिकले?’ आणि फोन ठेवलास. फोनवर पुन्हा भांडण होईल म्हणून आज लिहिते आहे. लिहायला बसलं की मला खरं बोलता येतं.

आधी माझी भीती सांगते. तिला नाव आहे, खरं म्हणजे दोन नावं आहेत.

सिस्टर राणी मारिया केरळातली, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या सिस्टरांच्या मंडळाची. 1992 मध्ये ती मध्य प्रदेशात उदयनगरला आली. तिथल्या आदिवासींची जमीन आणि पीक सावकाराकडे अडकलेलं असायचं. तिने बायकांचे बचत गट उभे केले, सरकारी योजना कुठे आणि कशा मागायच्या ते लोकांना शिकवलं. एवढंच. पण लोक सावकाराच्या दारात जाईनासे झाले. 25 फेब्रुवारी 1995 ला ती इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसली आणि वाटेत तिच्यावर चाकूचे 54 वार झाले. वय 41. बस प्रवाशांनी भरलेली होती.

दुसरी सिस्टर वल्सा जॉन. तीही केरळातलीच, आधी शाळेत शिकवायची. पुढे झारखंडमध्ये पाकुड जिल्ह्यात, पाचुवाडा गावी संथाळांच्या वस्तीत जाऊन राहिली. कोळशाच्या खाणीसाठी त्यांच्या जमिनी जात होत्या. तिने लोकांना एकत्र केलं, कंपनीला पुनर्वसनाचा करार करायला लावला, आणि या लढ्यापायी तुरुंगातही गेली. 15 नोव्हेंबर 2011 च्या रात्री ती राहत होती त्या घरात शिरून जमावाने तिला ठार मारलं. त्या दिवशी बिरसा मुंडांची जयंती होती. ही बातमी आली तेव्हा तू आठवीत होतीस. मी पेपर घडी करून कपाटावर टाकला होता, तुझ्या हाती लागू नये म्हणून. मला तेव्हापासूनच काहीतरी कळलं होतं की काय, कोण जाणे.

या दोघी नुसत्या शिकवत राहिल्या असत्या, औषधं वाटत राहिल्या असत्या, तर गावाने त्यांच्या पाया पडून त्यांना म्हाताऱ्या होऊ दिलं असतं. त्यांनी हिशेब मागितला. आईला हे दिसतं ग. आईला दुसरं काही दिसत नाही.

पण मी मोर्चे नकोत म्हणाले ते नुसतं भीतीने नाही. त्यात जुना रागही आहे, आणि तो कुठून आला ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

तू वर्षाची होतीस. माझी शाळा सकाळची, पप्पा बोटीवर, आजीचे गुडघे गेलेले. 1999 च्या जूनमध्ये आम्ही जव्हारकडची एक मुलगी घरी आणली. बारा वर्षांची. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. ती तुला कडेवर घेऊन फिरायची, भांडी घासायची, विहिरीचं पाणी आणायची. आम्ही तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, नाताळला तुझ्याबरोबर तिलाही नवा फ्रॉक शिवला. ‘घरच्यासारखी आहे,’ असं मी सगळ्यांना सांगायचे. झोपायची मात्र स्वयंपाकघरात. तिचा बाप दोनदा आला, हजार-हजार रुपये घेऊन गेला. बाकी पगार असा काही नव्हता.

आपल्या चर्चमध्ये तेव्हा एक सिस्टर यायची. मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकांना जाणारी. एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर तिने मला गाठलं. तू त्या मुलीच्या कडेवर होतीस. सिस्टरने विचारलं, ‘टीचर, हिचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर आहे?’

बाय, मी शिक्षिका. दर जूनला घरोघर फिरून पटनोंदणी करणारी. माझ्या घरातली मुलगी कुठल्याच पटावर नव्हती, आणि ते मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. चारचौघांत विचारलं म्हणून. मी म्हणाले, ‘तिच्या घरी खायला नव्हतं सिस्टर, आम्ही तिला जगवलं.’ ती म्हणाली, ‘हो. आणि तिने तुमचं मूल सांभाळलं. त्याचा पगार किती झाला?’

मग ती घरी आली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी वही घेऊन बसली. महिन्याला 600 रुपये धरले, 26 महिन्यांचे 15,600, त्यातून बापाने नेलेले 2,000 वजा. राहिले 13,600. माझे जवळजवळ दोन महिन्यांचे पगार. पप्पा म्हणाले, देऊन टाक, पण मी आठवडाभर कुरकुर केली. शेवटी पोस्टात खातं उघडलं, पासबुक त्या सिस्टरच्या समोर मुलीच्या हातात दिलं. तिने ते उलटं धरलं होतं. तिला वाचता कुठे येत होतं?

1 सप्टेंबरला सिस्टर तिला घेऊन गेली, वसतिगृहात ठेवलं, शाळेत घातलं. तू आठ दिवस रडत होतीस. आणि मी त्या सिस्टरशी पुढची चार वर्षं बोलले नाही. मिस्सामध्ये एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ आली की मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला वळायचे. तिची बदली झाली तेव्हा निरोपालाही गेले नाही. आज ती हयात नाही. हे माझ्याकडून राहून गेलं ते राहूनच गेलं.

तीच सिस्टर त्या मुलीसाठी जुने कपडे आणि चार पुस्तकं घेऊन आली असती, तर मी तिला चहा दिला असता, वर तिचं कौतुकही केलं असतं. तिने पगार विचारला म्हणून ती मला आगाऊ वाटली. गेल्या रविवारी तुझ्यावर ओरडले ती हीच मी होते. ते कळायला मला पाच दिवस लागले.

ती सिस्टर ज्या बैठकांना जायची, त्या कामाबद्दल मी नंतर, फार उशिरा वाचलं. सिस्टर जीन डेव्होस या मूळच्या बेल्जियमच्या. 1963 मध्ये भारतात आल्या, आणि 1985 मध्ये त्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांची राष्ट्रीय चळवळ उभी करायला सुरुवात केली. मुंबई हे तिचं मोठं केंद्र. नोकर, मोलकरीण हे शब्द टाकून ‘घरकामगार’ म्हणा, यावर त्यांचा जोर. मला आधी वाटलं, शब्द बदलून काय होतं? पण कामगार म्हटलं की पगार आला, सुटी आली, तक्रार करायला जागा आली. ‘घरच्यासारखी’ म्हटलं की यातलं काहीच येत नाही, हे मला माझ्याच घरावरून ठाऊक आहे.

हे काम एकट्या सिस्टरांचं नव्हे, हेही ध्यानात ठेव. पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी आपणहून संप केला होता, त्यांची संघटना झाली, लाल झेंड्याखालच्या बायका वर्षानुवर्षं लढल्या. या सगळ्यांच्या रेट्यातून 2008 चा महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 च्या ऑक्टोबरपासून देशभर बंदी आली. आमच्याकडची मुलगी त्याआधीची, म्हणून आम्ही कायद्यात सुटलो. 16 जून 2011 ला जिनिव्हात घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून तो स्वीकारलेला नाही. वकिलीण बाईंना पुरेल एवढं काम शिल्लक आहे.

आणि आपल्या आजीची एक गोष्ट. तू म्हणशील, आजीचं काय? ती पाटी घेऊन गाडीने मुंबईला म्हावरं विकायला जायची. केरळात 1984 मध्ये छोट्या होडीवाल्यांचं आंदोलन पेटलं होतं. पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते, तेव्हा ट्रॉलर बंद करा, ही मागणी. तिथे उपोषणाला सिस्टरही बसल्या होत्या. ही बातमी बंदरावर कशी पोचली ते ठाऊक नाही, पण आजीने ती घरात येऊन सांगितली ती मला लख्ख आठवते. ‘झगा घातलेल्या सिस्टर, आणि आपल्यासारख्यांसाठी उपाशी!’ तिला ते देवळातल्या चमत्कारासारखं वाटलं होतं. केरळात 1988 पासून ती पावसाळी बंदी सुरू झाली. आपल्याकडेही जून-जुलैत होड्या शाकारून ठेवतात, तेव्हा मला दर वर्षी ती उपाशी सिस्टर आठवते. तुझ्या फोननंतर पहिल्यांदा वाटलं, तिलाही कुठेतरी आई असेल.

आता तुला जे कोणी सांगणार नाही ते सांगते. धोका बाहेरच्या सावकाराकडून असतो तसा घरातूनही असतो. तू आज्ञापालनाचं व्रत घेशील. 2018 च्या सप्टेंबरमध्ये कोचीला हायकोर्टाजवळ पाच सिस्टर धरण्यावर बसल्या होत्या. त्यांच्यातल्याच एका सिस्टरने एका बिशपवर बलात्काराची तक्रार केली होती आणि पोलीस हलत नव्हते. आरोप झालेले बिशप 2022 मध्ये खालच्या कोर्टात निर्दोष सुटले, प्रकरण पुढे अपिलात गेलं. निकालावर मी बोलत नाही, ते तुझं क्षेत्र. मला त्या पाचजणी आठवतात. आपल्याच चर्चकडे न्याय मागत. त्यांच्यामागे किती सिस्टर उभ्या राहिल्या आणि किती घरात बसल्या, हे तू नीट विचारून घे.

म्हणून तू निवडलेल्या मंडळात जाण्याआधी तिथल्या प्रमुख सिस्टरना, मदर सुपीरियरना, माझ्या वतीने तीन गोष्टी विचार. केस अंगावर आली तर जामिनाला कोण उभं राहील? खेड्यात एकटीला ठेवतात की दोघी-तिघींना? आणि वरून गप्प बसायला सांगितलं तर मंडळ काय करतं? उत्तरं गोड मिळाली तर मला आवडणार नाहीत. खरी मिळाली पाहिजेत.

राणी मारियाच्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो सुटल्यावर तिच्या आईवडिलांना भेटायला केरळात गेला आणि त्यांनी त्याला घरात घेतलं. माझ्यात ते बळ नाही, बाय. हे आत्ताच सांगून ठेवते. तू जा, पण माझ्याकडून असल्या थोरपणाची अपेक्षा ठेवू नकोस.

पप्पांशी मी बोलले. ते काही म्हणाले नाहीत, जाळं विणत बसले. जेवताना म्हणाले, ‘तिला विचार, तिथे सुके बोंबील पाठवता येतात का?’ म्हणजे त्यांचं ठरलं आहे.

ती मुलगी आता अडतीस वर्षांची बाई आहे. अंगणवाडीत सेविका आहे. दर नाताळला फोन करते, तुझी चौकशी करते, अजून तुला ‘बेबी’ म्हणते. पुढच्या शनिवारी तू आलीस की आपण दोघी जव्हारला जाऊ. मी तिला कळवलं आहे. सकाळची पहिली एसटी धरायची, तेव्हा शुक्रवारी रात्रीच ये.

तुझी,
आई