बाद वाळू ओढ्याकाठी नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी मोल्डर, वाळूचे साचे बनवणारा, होतो. वाळूत बेंटोनाइट ही चिकणमाती, कोळशाची भुकटी, बेतानं पाणी. मूठभर आवळून मोडायची, कडा ढासळली नाही तर ती साचा धरणार. सुमारे १४०० अंशांचं वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) ओतलं की साच्यालगतची माती जळून तिची पकड जाते, पण वाळूचा कण बहुतेक शाबूत राहतो! घासून, भाजून तो पुन्हा वापरता येतो. तरी सिंधुदुर्गातून घाट चढवून आणलेली सिलिका वाळू बाद झाली की ओढ्याकाठी टाकतात, पावसात ती शेतात उतरते. रेझिन या रसायनानं चिकटवलेल्या कोअरची (ओतीव वस्तूत पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची) वाळू तर अधिक घातक. लहान फौंड्रीला शुद्धीकरण यंत्र एकट्यानं परवडत नाही. उद्योजक संघटनांनी आणि एमआयडीसीनं सामायिक प्रकल्प उभारावा.

– एक निवृत्त मोल्डर, कोल्हापूर