कपाटातल्या क्विल्ट बाहेर काढ

प्रिय सखी,

तुझं पत्र वाचून झालं आणि लगेच लिहायला बसले. आमच्या फायबर आर्टच्या, म्हणजे कापड-दोऱ्याच्या कलेच्या, गटात यायचं तुझ्या मनात नाही. सुईदोरा ही एकटीनं बसून करायची गोष्ट, चार नजरा पडल्या की हात आखडतो आणि हळूहळू सगळ्यांचं काम एकाच साच्यातलं होतं, असं तू लिहिलंस. ही भीती खोटी नाही. असे गट मीही पाहिलेत. एकीनं बाटिक आणलं की पुढच्या खेपेला सगळ्यांच्या हातात बाटिक. पण आमच्याकडे काय चालतं ते तुला नीट सांगायचंय, कारण तुझ्या कपाटात घड्या घालून ठेवलेल्या त्या क्विल्ट, कापडाचे थर एकत्र शिवून केलेल्या त्या गोधड्या, मला स्वस्थ बसू देत नाहीत.

आमची बैठक भिंतीपाशी असते, टेबलाभोवती नाही. भिंतीवर फ्लॅनेलचं मोठं कापड ताणलेलं आहे. सुती तुकडा त्यावर नुसता दाबला तरी टाचणीशिवाय चिकटून राहतो. जिचं काम असेल तिनं सुरुवातीला गप्प बसायचं. बाकीच्यांनी ‘छान’, ‘सुंदर’ हे शब्द बाजूला ठेवून फक्त दिसतं ते सांगायचं: नजर आधी कुठं जाते, कुठं अडते, कुठून निसटते. मग ती बोलते. तिला जे म्हणायचं होतं आणि आम्हाला जे दिसलं त्यात अंतर किती, हे तिचं तिलाच कळतं. ते अंतर कमी करायचं की तसंच ठेवायचं, हा निर्णयही तिचाच. ‘इथं लाल घाल’ असं कुणी कुणाला सांगत नाही. एवढा एक नियम पाळला तरी साचा तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे.

यंदाच्या प्रदर्शनासाठी आम्ही विषय घेतला ‘सावली’. माप सगळ्यांना एकच, ६० सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच. एकच माप का, असं तू विचारशील. विषय आणि माप बांधून दिलं की उरलेलं सगळं मोकळं होतं, आणि कामं ओळीनं लागली की पाहणाऱ्याचं लक्ष मापाकडे न जाता फरकाकडे जातं. फरक तरी किती! एकीनं ऑर्गंझाचे, म्हणजे पातळ पारदर्शक कापडाचे, थर एकावर एक चढवले. जिथं एकच थर तिथं धुकं, जिथं चार तिथं संध्याकाळ. दुसरीनं पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्यानं हाती धावदोरा घातला. समोरून पाहिलं तर काहीच नाही, बाजूनं उजेड पडला की अख्खं झाड उभं. तिसरीनं सिंथेटिक कापडाला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं भोकं पाडली (तोंडाला मास्क लावून आणि खिडक्या सताड उघड्या ठेवून, कारण तो धूर वाईट) आणि क्विल्ट भिंतीपासून थोडी पुढं टांगली. तिची सावली कापडात नाहीच, मागच्या भिंतीवर पडते. आता सांग, यातली कुठली दोन कामं एका साच्यातली?

माझ्या कामात जिना आहे. पायऱ्यांवर कठड्याची सावली पडली की ती प्रत्येक पायरीच्या कडेला मोडते आणि पुन्हा सरळ होते. ते मोडणं मला हवं होतं. पायऱ्यांसाठी मी जुन्या सुती शर्टांचं कापड वापरलं, फिकट करडं आणि मळकट पांढरं, आणि सावलीसाठी गडद निळ्या पट्ट्या कापून वर लावल्या. पट्ट्या उरेब (धाग्याला तिरप्या) कापल्या होत्या, म्हणजे मोडावर कापड निमूट वळतं. मग शिवण. मशीनचे कापड पुढं सरकवणारे दाते खाली केले, डार्निंगचा (रफूचा) फूट लावला आणि दोन्ही हातांनी कापड फिरवत त्या पट्ट्यांवर टिपांच्या रेघा ओढत गेले. गटात हे काम लावलं तेव्हा एकीनं ते सहज उलटं केलं. मागे अस्तर साधं, कोऱ्या रंगाचं. तिथं निळी पट्टी नाही, फक्त निळ्या दोऱ्याच्या जवळजवळच्या रेघा. जिना पुसट, सावली मात्र अशी खरी की आम्ही सगळ्या गप्प झालो. समोरच्या बाजूला सावली कापडाची वस्तू झाली होती. मागे ती नुसती पडली होती. मी खालच्या अर्ध्या पायऱ्यांवर पट्टी लावलीच नाही, दोराच ठेवला. वर कापडाची सावली, खाली उतरताना ती विरून दोऱ्याची होते. आता हे काम पाहताना मला वाटतं, एकटी बसले असते तर मी ते कशाला उलटं केलं असतं? पाठ म्हणजे गाठी लपवायची जागा, हेच डोक्यात बसलेलं.

हात आखडण्याबद्दल तू लिहिलंस, त्यावर माझं म्हणणं एवढंच. हात आखडतो तो शेरे मारणाऱ्यांपुढं. नीट पाहणाऱ्यांपुढं उलट धीर येतो.

तू ताणाबद्दल विचारलं होतंस ना, कडा लाटांसारख्या का होतात म्हणून? टीप जिथं दाट तिथं कापड आत ओढलं जातं आणि चपटं होतं. जिथं विरळ तिथं फुगून राहतं. मधोमध दाट आणि कडेला विरळ टीप घातलीस तर मधला भाग आटतो, कडेला कापड जास्तीचं उरतं आणि ते लाटा काढतं. म्हणून टीपेची दाटी साधारण सगळीकडे पसरायची, किंवा विरळ ठेवायचं असेल तर ते मध्ये ठेवायचं. काम मुळात चारी बाजूंनी काही सेंटिमीटर मोठं धरायचं, कारण दाट टिपेनं ते आटणारच. सगळं शिवून झालं की पाण्याचा फवारा मारून ओलसर करायचं, सपाट जागी काटकोनात ओढून टाचण्यांनी खिळवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मगच कडा कापायच्या. हो, रंग सुटतो का ते आधी एका तुकड्यावर पाहून घे; हातानं रंगवलेल्या गडद कापडाचा भरवसा धरू नकोस. कडेला मगजी लावायचीच असं नाही. मगजीनं चित्राला चौकट येते. कधी ती हवी असते, कधी ती चित्र कोंडते. माझ्या जिन्याला मी पट्टी पूर्ण मागे वळवून हेमिंग केलं, म्हणजे समोरून कड मोकळी.

आता प्रदर्शनाचं. माझं ठाम मत झालंय की टांगायचं कसं याचा विचार पहिल्या दिवसापासून हवा. मागे वरच्या कडेला चार इंची कापडी नळी शिवायची, त्यातून दांडी जाते. ही नळी पाठीला सपाट शिवली तर दांडीच्या जाडीचा फुगवटा समोर दिसतो, म्हणून नळीच्या बाहेरच्या बाजूला थोडं कापड सैल सोडायचं. टाके अस्तर आणि मधल्या बॅटिंगमधून, म्हणजे मऊ भरावातून, जायला हवेत, समोर मात्र दिसता कामा नयेत. नुसत्या अस्तरावर टाचलं तर क्विल्टचा सगळा भार त्या एका थरावर येतो.

उजेडावर तर मी रात्रभर बोलेन. समोरून सरळ उजेड टाकला की शिवणीचे उंचसखल भाग मरतात. वरून तिरका टाकला की एकेक टाका उठून येतो. त्या पांढऱ्या झाडासाठी आम्ही दिवा सरकवत सरकवत जागा शोधली. पण उजेड फार प्रखरही चालत नाही. कापडाचा रंग उजेडानं उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून संग्रहालयांत जुन्या कापडांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात. भोकांची क्विल्ट आम्ही शेवटी लावली; तिला स्वतःची भिंत आणि स्वतःचा दिवा लागतो, शेजारी कुणी नको.

आणि लोक हात लावतात, ही तुझी शंका. लावतातच, कापड पाहिलं की हात पुढं जातो, त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही दाराशी हाताळायला एक वेगळा तुकडा ठेवतो, तेच थर, तीच टीप. कुणाला पाठ पाहायची असेल तर आमच्यातली एक पांढरे हातमोजे घालून कोपरा उचलून दाखवते.

नावाच्या चिठ्ठीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७१ साली अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर लागल्या. जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या त्या क्विल्ट. आधुनिक अमूर्त चित्रांशी त्यांची तुलना झाली, कौतुक झालं, क्विल्ट भिंतीवर शोभते हे पुष्कळांना पहिल्यांदाच जाणवलं. पण त्यांतल्या बहुतेक करणाऱ्या बायकांची नावं कुणाला माहीत नव्हती. पाठीवर कुणी लिहिलीच नव्हती.

याउलट हॅरिएट पॉवर्स. जॉर्जियात १८३७ साली गुलामीत जन्मलेली बाई. बायबलमधल्या कथांचे चौकोन तिनं कापडाचे आकार जोडून रचले, आणि ती क्विल्ट १८८६ साली अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकार बाईंनी ती मागितली, तेव्हा हॅरिएटनं द्यायला नकार दिला. पुढं घरची ओढाताण झाली तेव्हा दहा डॉलर मागून पाचावर तिला ती द्यावी लागली. देताना तिनं प्रत्येक चौकोनाचा अर्थ समजावून सांगितला आणि जेनी स्मिथनी तो लिहून ठेवला. नंतरही ती आपली क्विल्ट पाहायला जात असे. तिच्या दोनच क्विल्ट आज आपल्याला माहीत आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आणि एक बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात. त्यांतली कुठली आकृती म्हणजे कोण, हे आज सांगता येतं ते तिच्या शब्दांमुळे. म्हणून सांगते, पाठीवर नाव, शीर्षक, साल, काय कापड, काय दोरा हे सगळं लिही. आणि दोन-चार ओळी तुझ्या, साध्या. ‘अंतर्मनाचा प्रवास’ वगैरे नको. काय पाहिलंस आणि का शिवलंस, एवढंच.

‘ही कला तरी आहे का’ हा तुझ्या घरच्यांचा प्रश्न तू मला पाठवलास. त्यावर वाद घालत बसू नकोस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, तिथल्याही अथेन्स नावाच्याच गावी, गाईगुरांच्या एका जुन्या गोठ्याचं कलाकेंद्र झालं आणि तिथं १९७९ साली क्विल्ट नॅशनल नावाचं प्रदर्शन सुरू झालं. क्विल्ट करणाऱ्या कलाकार नॅन्सी क्रो त्यात पुढं होत्या. पलंगावरच्या क्विल्टच्या प्रदर्शनांत ज्यांच्या कामाला जागा नव्हती, त्यांनी स्वतःची भिंत उभी केली. ते प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरत आलंय. भिंत मिळाली की हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

तर आता तुझ्याकडून मला हवंय ते असं. काळ्या-निळ्या पट्ट्यांची ती उंच क्विल्ट, जिच्यात एकच पिवळा तुकडा आहे, ती कपाटातून काढ. घडी मोड आणि सपाट पसरून ठेव, सुरकुत्या हळूहळू बसतील. इस्त्री थेट फिरवू नकोस, बॅटिंग चपटं होईल. दोन फोटो काढ. एक पूर्ण, चारी कडा दिसतील असा, दिवसाच्या उजेडात आणि कॅमेरा बरोबर मध्यावर धरून. दुसरा जवळून, पिवळ्या तुकड्याच्या आसपासचा, टाके दिसायला हवेत. निवड करणारे आधी फोटोच पाहतात. त्यांना कापड हाती लागत नाही, म्हणून जवळचा फोटो पूर्ण फोटोइतकाच महत्त्वाचा. नळी शिवलेली नसेल तर कळव, कापड मी पाठवते. आणि पाठवताना घडी अजिबात नको. पुठ्ठ्याच्या जाड नळकांड्यावर स्वच्छ सुती कापड गुंडाळ, मग त्यावर क्विल्ट, समोरची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे वळ्या पडल्याच तर अस्तराला पडतील.

तिची जागा माझ्या मनात ठरलेली आहे, पांढऱ्या झाडाच्या डावीकडे. मापात बसत नाही म्हणून गटात विचारलं. सगळ्यांनी तुझ्या पत्रातलं वर्णन ऐकलं आणि पुढच्या मांडणीत पाहुणीचं काम घ्यायला होकार दिला. बैठकीला यायचं की नाही ते नंतर ठरव. फोटो मात्र याच आठवड्यात पाठव.

तुझीच,
मैत्रीण