गर्दी पांगल्यावरही बातमी चालू ठेवा

संपादक साहेब, नमस्कार

प्रत्येक मोठ्या अत्याचारानंतर मोर्चा निघतो आणि लगेच कोणीतरी म्हणतं की चार दिवस मेणबत्त्या लावून काय होतं. मला हे ऐकून खूप राग येतो म्हणून लिहितेय.

१९७२ चं मथुरा प्रकरण घ्या, आपल्याच महाराष्ट्रातलं, देसाईगंजचं पोलीस स्टेशन. मथुरा नावाची आदिवासी मुलगी आत, पोलिसांनीच बलात्कार केल्याचा तिचा आरोप, बाहेर तिचे नातेवाईक थांबलेले, दिवे बंद, दार बंद, ते बाहेरून हाका मारतायत. आणि १९७८ ला सुप्रीम कोर्ट म्हणतं अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, पोलीस निर्दोष!! घटना घडली तेव्हा देश पेटला नव्हता, पेटला तो या निकालानंतर. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, मग १९८० ला मुंबईत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला, की कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. म्हणजे मला तरी वाटतं की चळवळ नुसत्या गुन्ह्यातून उभी राहत नाही, बाईलाच खोटं ठरवलं जातं ना तेव्हा ती उभी राहते.

राजस्थानात सरकारी योजनेत गावात काम करणाऱ्या भंवरी देवींचं तेच. त्या कामाचाच भाग म्हणून बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार, १९९५ ला आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले, पण त्यातून संघटनांनी केलेल्या याचिकेवर १९९७ ला सुप्रीम कोर्टाच्या विशाखा गाइडलाइन्स आल्या, म्हणजे कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायचे नियम, आणि २०१३ ला त्याच छळाविरुद्ध कायदा. आज ऑफिसात तक्रार करायला समिती आहे ती त्या बाईमुळे, आणि तिच्या स्वतःच्या पदरात काय पडलं हे विचारलं की गप्प बसावं लागतं.

आमच्याच ऑफिसात त्या समितीचा कागद बोर्डवर लावलाय, पिवळा पडलाय, त्यावरच्या दोन मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेल्यात. मी दोनदा सांगितलं, अजून तोच कागद.

तर मागणी एवढीच, की घटनेच्या आठवड्यात तुम्ही पानंच्या पानं देता ते चांगलंच आहे, पण पुढची तारीख कधी पडली, साक्षीदार आले का, निकाल काय लागला, तेही छापा, आतल्या पानावर का होईना.

एक वाचक